शेरी कास्क व्हिस्कीला मार्क देताना रंग बघू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेरी कास्कमधे, म्हणजे शेरी ही स्पेनची कडक वाइन आधी भरून ठेवलेल्या लाकडी पिंपात, मुरवलेल्या सिंगल माल्टवर (एकाच कारखान्यात नुसत्या माल्ट केलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) अर्धं पान आलं होतं. मराठी पेपरात या विषयावर कुणीतरी मन लावून लिहितंय हे बघून खरंच बरं वाटलं, पण शेवटी १०० पैकी ९२ मार्क देताना पहिलं कारण "गडद, तांबूस काळसर रंग" असं दिलंय ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. माझं म्हणणं एवढंच आहे की रंगाला मार्क द्यायचेच नाहीत, एकही नाही.

कारण साधं आहे. स्कॉचच्या नियमात पाणी सोडून बाहेरून घालायला परवानगी असलेली एकच गोष्ट आहे ती म्हणजे साखर जाळून केलेला कॅरॅमल रंग. बऱ्याच कंपन्या तो घालतात, आपल्याकडे बाटलीवर त्याचा उल्लेख दिसेलच असं नाही, पण तीच बाटली जर्मनीत विकायची तर लेबलवर रंग घातलाय असं लिहावं लागतं. म्हणजे ग्लास उजेडात धरून आपण ज्याचं कौतुक करतोय तो रंग पिंपातून आलाय की वरून घातलाय हे नुसतं बघून कळत नाही.

मी स्वतः यात फसलोय. तीन वर्षांपूर्वी एका दुकानात सांगितलं की जितकी काळी तितकी जुनी, आणि मी सगळ्यात काळी दिसणारी बाटली घेऊन आलो, लेबलवर वय नव्हतंच पण ते तेव्हा लक्षातही आलं नाही. घरी ग्लासात ओतली तर गोडसर वासामागे काहीतरी खटकत होतं, नेमकं काय ते सांगता येईना. बायको अजिबात घेत नाही, पण तिचं नाक असं आहे की डब्यातली हळद कुठल्या दुकानाची ते वासावर सांगते. तिच्यासमोर ग्लास धरला, तिने एकदा हुंगलं, मान मागे घेतली, परत हुंगलं आणि म्हणाली, "भिजवलेल्या काळ्या मनुका आहेत, आणि आत्ताच कुणीतरी काडी ओढून विझवलीये." झालं, तेच होतं ते, गंधक! रिकामी पिंपं स्पेनहून स्कॉटलंडला जाताना आतून खराब होऊ नयेत म्हणून आत गंधकाची वात जाळायची पद्धत होती, त्याचा वास कधीकधी लाकडात बसतो आणि तिथून व्हिस्कीत उतरतो. कुणाकुणाला तो थोडा आवडतो पण मला त्या बाटलीत अजिबात आवडला नाही, आणि रंगाकडे बघून तो कळायचा काही मार्गच नव्हता.

दुसरं म्हणजे लेखात शेरी कास्क हा शब्द असा वापरलाय की जणू शेरी ज्यात वर्षानुवर्षं मुरली तीच जुनी पिंपं. पूर्वी शेरी पिंपातूनच जहाजाने ब्रिटनला यायची, तिथे बाटल्या भरल्या जायच्या आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडवाल्यांना स्वस्तात मिळायची. १९८० च्या दशकात बाटल्या स्पेनमधेच भरायच्या असं ठरलं आणि तो पुरवठा आटला. आता बहुतेक पिंपं खास व्हिस्कीसाठी बनवून घेतात, स्पेनमधे शेरी बनते त्या हेरेथ भागात त्यात साधारण दीड-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात, मग ती काढून घेतात आणि पिंप पाठवून देतात. यात वाईट काही नाही, पण आत कोरडी ओलोरोसो शेरी होती की गोड पेद्रो हिमेनेझ, लाकूड युरोपियन ओक की अमेरिकन, आणि पिंप पहिल्यांदा वापरलंय की तिसऱ्यांदा, यावर सगळी चव ठरते, युरोपियन ओक असेल तर तुरटपणा आणि मसाला जास्त, अमेरिकन असेल तर व्हॅनिलाकडे झुकते. अर्ध्या पानात यातलं एक वाक्य तरी हवं होतं.

आम्ही कोथरूडला चौघं मित्र महिन्यातून एकदा बसतो, सगळे पन्नाशीच्या पुढचे, परमिटवाले. ज्याचं घर तो आत जाऊन ओततो म्हणजे बाटली कुठली ते बाकीच्यांना कळत नाही, ग्लासच्या तळाला चिकटपट्टीवर नंबर, वर स्टीलची वाटी झाकलेली म्हणजे वास उडत नाही. प्रत्येकी ३० मिली, त्याहून जास्त नाही, कारण तिसऱ्या ग्लासानंतर जीभ खोटं बोलायला लागते. आधी नुसता वास, तोंड जरासं उघडं ठेवून, मग एक घोट, मग चमच्याने दोन थेंब पाणी आणि परत पहिल्यापासून. पाण्याने वास खुलतो ही समजूत नाही नुसती, २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर दाखवलं होतं की पाणी घातल्यावर ग्वायाकॉल नावाचा चवीचा रेणू वरच्या थराकडे सरकतो.

मार्क वास, चव, शेवट (गिळल्यावर मागे राहणारी चव) आणि तोल यांना प्रत्येकी २५. मागच्या महिन्यात असंच झाकून घेतलेली ग्लेनड्रोनाक १२ निघाली, स्कॉटलंडची, १२ वर्षांची, ४३ टक्के अल्कोहोलची, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ दोन्ही पिंपांतली. माझ्या वहीत असं आहे: वासाला काळी मनुका, संत्र्याची वाळलेली साल, मागे किंचित जायफळ. तोंडात आधी काकवी, मग भेळेच्या खजुराच्या चटणीतला तो आंबटगोडपणा, शेवटी अक्रोडाच्या पातळ सालीसारखं तुरट, आणि हे तुरट थोडं लवकर संपतं म्हणून शेवटाला एक मार्क कमी. २२, २२, २१, २२, एकूण ८७. शेजारच्याने ८२ दिले, त्याला काकवी जड वाटली, आणि त्याचंही बरोबर आहे.

लेखात "स्टोन फ्रूट", "ओल्ड लेदर", "ख्रिसमस केक" असे शब्द होते. अहो पुरंदरचं अंजीर आपल्या उंबऱ्यावर आहे, रविवार पेठेत खारीक-मनुकांचे ढीग लागलेले असतात, ती नावं लिहा ना, वाचणाऱ्याच्या जिभेवर लगेच चव येते. जो ख्रिसमस केक आपण कधी खाल्ला नाही त्यावरून काय कळणार?

आणि भारतीय माल्टला "फक्त पाच वर्षांची" म्हणून खाली ढकललंय तेही पटलं नाही. स्कॉटलंडमधे पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, बंगळुरूच्या उन्हात १० टक्क्यांच्या वर. तिथे लाकडाची चव व्हिस्कीत फार लवकर उतरते, म्हणून वयाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना होत नाही. बंगळुरूच्या अमृत कंपनीने २००४ साली थेट ग्लासगोत जाऊन आपला सिंगल माल्ट विकायला काढला होता, ते वय दाखवून नाही.

पुढच्या वेळी मार्कांखाली एवढं छापा: किती टक्क्यांची, बाटली उघडून किती दिवस झाले (उघडल्यावर चव हळूहळू बदलते), झाकून चाखली की लेबल बघून, आणि विकत घेतली की कंपनीने पाठवली. दारूच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे हे शेवटचं तर छापायलाच हवं.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे