अंजनेरीच्या तळ्यापर्यंत गाडी नको, साहेब! एका गाडीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी डोंगरावर रस्ता किंवा रोपवे न करण्याबाबत व पायथ्याच्या सोयींबाबत.

साहेब, नमस्कार.

मी सातपूरचा. पिवळ्या पाटीची सात सीटर गाडी चालवतो. गाडी माझीच, हप्ते अजून दीड वर्ष राहिलेत. नाशिक दर्शन, त्र्यंबक, वणी, शिर्डी, भंडारदरा या माझ्या रोजच्या वाटा. त्यात गेली काही वर्षं एक भाडं वाढलंय. आम्ही त्याला ‘अंजनेरी हाफ डे’ म्हणतो. पहाटे साडेपाचला पार्टीला हॉटेलवरून उचलायचं, साडेबारापर्यंत परत सोडायचं. गाडीत त्यांचीच माणसं, दुसरी सवारी नाही. जाऊन येऊन पन्नास किलोमीटर, त्याचे मी २,२०० रुपये घेतो. यात गाडी चालते दीड तास. बाकी सगळं वेटिंग.

हे आधीच सांगितलं, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की हा कुठल्या तरी संस्थेचा माणूस दिसतोय. मी कुठल्याच संस्थेचा नाही. अंजनेरीवर गाडीरस्ता झाला तर मी रोज दोन फेऱ्या जास्त मारीन, एवढा हिशेब मलाही येतो. तरी नको म्हणतोय.

काही वर्षांपूर्वी मुळेगावच्या बाजूने वर रस्ता न्यायची कल्पना निघाली होती. नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आवाज उठवला. मग ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव आला. सिंहस्थ तोंडावर आला की अशा फायलींवरची धूळ झटकली जाते, हे आम्ही नाशिककर बारा-बारा वर्षांनी बघतच आलोय. म्हणून आत्ताच लिहितो.

हा अर्धा दिवस कसा असतो ते सांगतो. तुम्हाला मंत्रालयात कोणी नकाशा दाखवला असेल, पण नकाशात पहाट नसते.

पपया नर्सरीचा सिग्नल त्या वेळी मोकळा मिळतो, दिवसभरात तेवढाच. पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी मागे पडेपर्यंत मागच्या सीटवरची मुलं झोपलेली. तळेगावच्या पुढे डावीकडे डोंगर उभा राहतो आणि कोणीतरी एकदम म्हणतं, ‘अरे, हा एवढा?’ समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट. अंजनेरी गावातून आत वळलं की अरुंद चढाचा रस्ता आहे, तिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे यावं लागतं. वर जिथे गाडी थांबते तिथे माझं काम संपतं आणि पार्टीचं सुरू होतं.

पायऱ्या चढून, वाटेतल्या कोरीव गुंफेपाशी दम खाऊन माणूस पठारावर येतो. तिथे वारा असतो. अंजनीमातेचं मंदिर, आणि पुढे ते तळं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते साधंच वाटतं, कडेला थोडा चिखल, पावसाळ्यात गढूळ पाणी. पण वरच्या टप्प्याकडे चढू लागलं आणि मागे वळून पाहिलं की त्याचा आकार कळतो. पावलासारखा. बाळ हनुमानाने सूर्याकडे झेप घेताना इथे पाय रोवला, असं गावात सांगतात. हनुमानाचा जन्म नेमका कुठला, यावर २०२२ साली नाशकात शास्त्रार्थ बसला होता आणि कोणी कुठल्या आसनावर बसायचं यावरूनच तो पेटला, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यात मी पडत नाही. मला एवढं माहीत आहे की तो पावलाचा आकार बघून खाली आलेली माणसं गाडीत गप्प असतात. मोबाइल हातात असतो, पण कोणी त्यात बघत नाही. वणीहून किंवा शिर्डीहून परतताना असं होत नाही.

आता म्हणाल, रोपवेतून हा आकार आणखी छान दिसेल. दिसेल की. पाच मिनिटं दिसेल. मग पार्टी म्हणेल, ‘झालं, पुढे काय?’

ही भीती मी मनाची लावत नाही. मी भंडारदऱ्याला जातो. नाशिकपासून सत्तर किलोमीटर. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याचं पाणी म्हणजे आर्थर लेक. जागा देवाने हाताने घडवल्यासारखी. तिथे गाडी थेट पाण्याच्या कडेला जाते. मे संपता संपता काजव्यांचा हंगाम असतो, त्या शनिवारी रात्री जाऊन बघा. काजवा चमकून जोडीदाराला बोलावतो आणि आमच्या हेडलाइटची रांग त्याच्या अंगावर. अंधार बघायला आलेली माणसं सगळीकडे उजेड करून जातात. त्या रांगेत माझीही गाडी असते, म्हणून कोणाला नावं ठेवत नाही. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत स्पीकर जातो, कोंबडी जाते, बाटली जाते. अंजनेरीच्या तळ्यापर्यंत हे सगळं पाठीवर वाहून न्यावं लागतं आणि दीड तास चढून एवढं ओझं न्यायची हौस फार थोड्यांना असते. त्या डोंगराला कुंपण नाही. चढ हेच त्याचं कुंपण.

एकदा कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक पार्टी म्हणून आले होते. वनस्पतीशास्त्राचे. पाऊस रिमझिम होता, मीही त्यांच्या मागे वर गेलो, म्हातारा माणूस घसरला तर उचलायला. ते पठारावर चक्क पालथे पडले. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर कंदिलासारखं एक एवढंसं फूल बघत होते. सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ साली शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नावच या डोंगराचं दिलं. आमचं अंजनेरी लॅटिनमध्ये! ही जात याच डोंगरावर सापडते. सर सांगत होते की या कंदीलपुष्पांच्या नळीत खाली वळलेले केस असतात, माशी आत शिरली की अडकते, परागाचं काम उरकून केस कोमेजले की मग सुटते. मी म्हटलं, ‘सर, म्हणजे हे फूलसुद्धा पार्टीला वेटिंगवर ठेवतं.’ ते चिखलात पडून हसले.

हसू बाजूला ठेवतो. कातळावर वीतभर माती, तिच्यात तो कंद. पावसाळ्यात पान-फूल, उरलेलं वर्ष जमिनीखाली. रोपवेच्या टॉवरचा पाया खणणाऱ्याला जानेवारीत तिथे काहीच दिसणार नाही. ‘मोकळं पठार’ म्हणून तो अहवालात लिहील. खोटं लिहिणार नाही बिचारा, त्याला खरंच दिसणार नाही.

आणि कडे बघा. तिथे गिधाडं घरटी करतात, लांब चोचीची आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचीही. जनावरांना देतात त्या डायक्लोफिनॅक औषधाने देशभरात गिधाडं मेली, २००६ मध्ये त्याच्यावर बंदी आली, पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं देते. संख्या भरून यायला किती काळ जाईल ते तुम्हीच मोजा. अशा पक्ष्याच्या दारावरून दिवसभर पाळणे फिरवायचे? तुमच्याच सरकारने हा डोंगर संवर्धन राखीव जाहीर केलाय.

मी रोपवेच्याच विरोधात आहे असं समजू नका. वणीच्या गडावर २०१८ साली ट्रॉली सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी मी माझ्या आईला घेऊन गेलो. तिचे गुडघे गेलेत, पायऱ्या तिला झाल्या नसत्या. सप्तशृंगी हे आमचं कुलदैवत, तिथे लाखो माणसं नवस फेडायला येतात, गडावर आधीच गाव आहे, रस्ता आहे, दुकानं आहेत. अंजनेरीवर यातलं काही नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी पायथ्याला मारुतीचं देऊळ आहे, तिथे हात जोडले तरी चालतं असं माझी आई म्हणते आणि देवाधर्मात तिचा शब्द माझ्यापुढे चालतो.

मागे पुण्याहून एक आजी आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा नको म्हणत असताना चढल्या. दर वीस पायऱ्यांना बसायच्या. गावातली एक मावशी टोपलीत काकड्या आणि लिंबू-सरबताचं सामान घेऊन बसते, ती त्यांच्याबरोबर चढू लागली. सरबत विकायचं सोडून. दोघींच्या गप्पा सुना, गुडघे, पाऊस अशा वर गेल्या. खाली आल्यावर आजींनी मावशीला शंभराची नोट दिली तर ती म्हणाली, ‘काकडीचे वीसच.’ त्या दिवशी साडेबाराचे तीन वाजले. वेटिंगचे पैसे मी लावले नाहीत, हे जरा मोठेपणा म्हणून सांगतो.

ही मावशी, कणसं भाजणारी पोरं, एप्रिल-मेमध्ये करवंदं विकणाऱ्या म्हाताऱ्या. वेटिंग आहे म्हणून यांचं घर चालतं. माणूस चढतो, दमतो, बसतो, खातो. पाळण्यात बसलेला माणूस दमत नाही. त्याला भूक लागली तर वरच्या स्टेशनात काचेमागे पॅटिस असेल आणि त्या दुकानाचा ठेका अंजनेरी गावात कोणाला मिळणार नाही. माझं ऐका, ठेके कसे जातात ते आम्ही पार्किंगच्या पावत्यांवर रोज बघतो.

मग आम्हाला काय हवं? फार नाही. पायथ्याला बायकांसाठी चालू पाण्याची स्वच्छतागृहं, आणि ती रोज धुवायला माणूस. माझ्या पार्टीतल्या बायका पहाटेपासून पाणी पीत नाहीत आणि मग चढावर त्यांना भोवळ येते, याचं कारण त्या मला सांगत नाहीत, पण मला तीन बहिणी आहेत. बाटल्या भरायला एक नळ. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माणसांची मर्यादा, कारण मोठी सर आली की त्या पायऱ्यांचा ओढा होतो आणि वर हजार माणसं असली तर उतरणार कुठून? साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ बुकिंग आहे, आसपासच्या गावांची समिती ते सांभाळते. २०१२ साली जागतिक वारसा झालेल्या जागेला ते जमतं तर आम्हाला का जमू नये?

गावातल्या पोरांना वाटाड्याचं ओळखपत्र द्या आणि दराचा बोर्ड लावा, म्हणजे घासाघीस होणार नाही. आणि पहाटेची एक बस. नाशिकची शहर बस, सिटीलिंक, त्र्यंबकपर्यंत जातेच. सहाच्या आत अंजनेरी फाट्यावर उतरवणारी एक फेरी आणि तिथून पायऱ्यांपर्यंत गावातल्याच जीपा. माझा धंदा थोडा कमी होईल. होऊ द्या. माझ्या सोसायटीतल्या वॉचमनच्या पोरीने अजून ते तळं पाहिलेलं नाही, २,२०० रुपये तिच्या बापाकडे कुठून येणार?

पाऊस फार असला की मी पार्टीला वर पाठवतच नाही. मग खाली यादवकाळातल्या पडक्या देवळांकडे नेतो, एकात इ. स. ११४१ चा शिलालेख आहे. किंवा रस्त्यालगतच्या नाणेशास्त्र संस्थेत, १९८० पासूनची आहे, तिथली नाणी बघून मुलं खूश होतात. या दोन्हींच्या पाट्या हमरस्त्यावर नीट लागल्या तर पावसाळ्यातली निम्मी गर्दी डोंगरावरून खाली वळेल. पाटीला खर्च किती येतो हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

साहेब, फायलीवर सही करण्याआधी एकदा या. ताफा नको, तो गावातल्या वळणावरच अडकेल. आठवड्यातला मधला एखादा दिवस बघा, पहाटे साडेपाचला त्र्यंबक नाक्यावर मी गाडी लावतो. भाडं घेणार नाही, पण वरचा चढ तुम्हालाच चढावा लागेल. येताना महिरावणीच्या अलीकडे दही-पापडासोबत काळ्या रश्श्याची मिसळ खाऊ. साडेबाराला तुम्ही विश्रामगृहावर असाल.

चपलेऐवजी बूट घालून या. आणि वर बिस्किटाचा पुडा हातात धरू नका. तिथली माकडं हुद्दा विचारत नाहीत.

आपला,
एक टुरिस्ट गाडीवाला
सातपूर, नाशिक