रानपिंगळ्याची नोंद आणि तुझे फोटो

प्रिय मित्रा,

परवा फोन मधेच कट झाला आणि मग तू ड्युटीवर गेलास, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो, व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यानं टाकलं तर मलाच नीट मांडता येणार नाही. विषय तोच, रानपिंगळा, आपलं ते दुर्मिळ छोटं घुबड. मराठी विकिपीडियावरची त्याची नोंद सुधारायला घेतलीय, रात्री जेवण झालं की बसतो, आणि त्यात तुझी मदत लागणारे.

अरे, हा पक्षी जगाला परत सापडला तो तुझ्या शहाद्याजवळ. मग शहाद्यातल्या शाळेतल्या पोराला त्याची पूर्ण गोष्ट मराठीत वाचायला मिळायला नको का? मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि गोष्ट कसली जबरदस्त आहे बघ. ब्लेविट नावाच्या माणसानं १८७२ मध्ये बसना-फुलझर भागात, म्हणजे आताच्या छत्तीसगडात, एक नमुना (म्हणजे मारून, भरून जतन केलेला पक्षी) मिळवला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं (हो, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ह्यूम) त्याचं वर्णन करून ब्लेविटचंच नाव त्याला दिलं. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसननं आणखी काही मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. सगळ्या म्युझियममध्ये मिळून सात नमुने, बास. नंतर सलीम अली आणि डिलन रिप्लींसारख्या पक्षीतज्ज्ञांनी शोध घेतला तरी हाती काही लागलं नाही.

आता मुख्य भानगड. कर्नल माइनर्टझहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी, त्या काळी पक्षीतज्ज्ञ म्हणून मोठं नाव. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे शेवटची नोंद १८८४ ची नाही तर १९१४ ची, आणि शोधायचं तर तापीकाठी मांडवीला, असं लोक धरून चालले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेला त्या नमुन्याचा संशय आला. तिनं आणि नायजेल कॉलर यांनी तो तपासला, एक्सरे काढले, आत कापूस कसा भरलाय ते पाहिलं, आणि निघालं काय, तर तो डेव्हिडसनचाच नमुना, ब्रिटिश म्युझियममधून ढापलेला, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला! एका खोट्या चिठ्ठीनं इतकी वर्षं सगळ्यांना भलत्याच जागी पाठवलं. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले, मांडवी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या. आधी पूर्वेकडे शोधलं, काही नाही. मग खानदेश, आणि शहाद्याजवळ भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

यावरूनच सध्या एकाशी माझा वाद चाललाय. त्याचं म्हणणं, १९१४ खोटं आहे ना, मग नोंदीत कशाला, काढून टाक. मला हे अजिबात पटत नाही. जुन्या पुस्तकांत ती नोंद आहेच, आपण गपचूप गाळली तर उद्या कोणीतरी प्रामाणिकपणे ते पुस्तक उघडून १९१४ परत घालेल, वर संदर्भही देईल, आणि नवा वाचक पुन्हा गोंधळेल. त्यापेक्षा ती ठेवायची आणि खोटी कशी ठरली, कोणी ठरवली, हे तिथंच सांगायचं. आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हे नोंदीत दिसलं पाहिजे. यासाठी मी भांडणार, गोडीनं पण भांडणार.

बाकीचा मजकूर तसा सरळ आहे. ओळख मात्र नीट लिहायची, कारण साधा पिंगळा पाहून लोक रानपिंगळा म्हणतात. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर गडद रंगाचा पट्टा, पोट पांढरं, पंख आणि शेपटीवर ठळक पट्टे. दिवसा शिकार करतो, पाली-सरडे, उंदीर, किडे खातो. तोरणमाळ, मेळघाट, यावल, गुजरातेतलं डांग, आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. २०१८ मध्ये आययूसीएननं (धोक्यातल्या प्रजातींची यादी करणारी जागतिक संस्था) त्याला अतिसंकटग्रस्त मधून संकटग्रस्त यादीत आणलं, पण हे जपून लिहावं लागणारे, कारण नवीन ठिकाणी सापडला म्हणून यादी बदलली आणि वाचणाऱ्याला वाटेल पक्षी वाढले. अंदाज अजूनही हजाराच्या आतच आहे रे, तोही सगळा मिळून.

आता तुझं काम. तू त्या जोडीबद्दल जे सांगितलंस, रोज त्याच फांदीवर येतात वगैरे, ते मला फार आवडलं, पण ते नोंदीत घालता येत नाही, कुठेतरी छापून आलेलंच तिथं चालतं. म्हणून तू ते लिहून एखाद्या पक्षी-नियतकालिकाला पाठवच, छापलं की मी संदर्भ देईन. फोटो मात्र आत्ताच चालतील. समोरून काढलेला एक, छातीचा पट्टा दिसेल असा, आणि एक शेपटीचा. ते तुझ्याच नावानं विकिमीडिया कॉमन्सवर चढव, मुक्त परवाना निवडायचा, म्हणजे कोणीही वापरू शकेल पण तुझं नाव देऊनच. अडलं तर फोन कर, मी एकेक स्टेप सांगतो.

आणि एक, हे अगदी मनापासून सांगतोय, ढोलीची जागा कुठेही लिहू नकोस. फोटोत जीपीएस असेल तर आधी काढून टाक, फक्त तालुका आणि तारीख दे. एकदा जागा फुटली की कॅमेरेवाल्यांच्या गाड्या लागतात आणि पिल्लं असताना ते परवडणारं नाही.

वहिनींना नमस्कार सांग. रविवारपर्यंत फोटो टाक, मी माहितीचौकटीत (नोंदीच्या बाजूला असते ती थोडक्यात माहितीची चौकट) जागा मोकळी ठेवलीय.

तुझाच