पांदणीने चालण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत बाबांचा रक्तदाब १५८/९६ आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला तरी १५४, आणि खर्ऱ्याची पुडी खिशात सारत बाबा म्हणाले, "दिवसभर वावरातच तर फिरतो, मले वेगळा व्यायाम कायले पाहिजे?" तेव्हा मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

बाबा, वावरातले तुमचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण ते बहुतेक एकाच संथ चालीने होतात, आणि मध्येच श्वास रोखून कापसाचे गाठोडे उचलले की रक्तदाब उलट एकदम चढतो. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोक मध्यम चालीने ८००० किंवा जास्त पावले चालत होते आणि काही जण तीन मिनिटे झपाझप, तीन मिनिटे सावकाश असे चालत होते. त्यांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे तुमच्याच पिढीचे. पाच महिन्यांनी दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब अधिक उतरला, आणि मांड्यांची ताकदही अधिक वाढली.

रक्त जोराने वाहू लागले की रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर त्यांना सैल करणारे द्रव्य सोडते, आणि मधल्या सावकाश टप्प्यात हृदयाला उसंत मिळत असल्याने तो जोर उतारवयातही झेपतो. मला ही पद्धत पटली ती या उसंतीमुळेच.

दिवाळीत मी मोजून पाहिले होते: मारुतीच्या पारापासून पांदणीतल्या वाकड्या कडुनिंबापर्यंत बाबांच्या झपाझप चालीने तीन मिनिटे लागतात. तिथून पुढे तीन मिनिटे सावकाश, मग पुन्हा झपाझप, असे पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस. पुढच्या फेऱ्यांसाठी मोबाइलवर वेळ लावता येईल. आईला ते जमते. पहिल्या पंधरवड्यात दोनच फेरे करा आणि सुरुवातीला व शेवटी पाच मिनिटे नुसते रमतगमत चाला, कारण जोरात चालून एकदम थांबल्यास भोवळ येऊ शकते. बाबांच्या गोळ्यांपैकी एक नाडी मंद ठेवणारी असल्याने नाडी मोजून जोर कळणार नाही. झपाझप चालताना चार शब्द बोलता यावेत, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढी खूण पुरे. आई, तुझे गुडघे दुखत असल्यामुळे तू सपाट भागातच चाल आणि बाबांचा वेग गाठण्याचा प्रयत्न करू नकोस.

मात्र सुरुवात करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या. ज्या दिवशी रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल त्या दिवशी चालू नका. छातीत दुखले, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा चक्कर आली तर तिथेच बसा आणि दवाखाना गाठा. आकडे उतरू लागले म्हणून गोळी मनाने सोडायची नाही. ती कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. सध्या थंडी आहे, म्हणून उन्हे आल्यावर निघा; उन्हाळा लागला की मात्र सूर्य वर येण्याआधी घरी परतायचे.

आणखी एक. दिवाळीत बाबांनी सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला होता, आणि आधी चहा व खर्राही झाला होता. मोजण्याआधी अर्धा तास दोन्ही टाळा, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा आणि उघड्या दंडावर पट्टा बांधा. खर्रा पूर्णच सुटावा अशी माझी विनवणी आहे, पण ती मी समोरासमोर करीन.

आकडे आईने कॅलेंडरवर लिहावेत. दर रविवारी फोनवर मी विचारीन. संक्रांतीला येईन तेव्हा पाराजवळून आपण तिघे सोबतच निघू.

तुमची,
ताई