कुंपणावरच्या मधुमालतीचे मखर

नौपाडा, ठाणे

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन आठवडा उलटला, पण तुमचे आभार मानायचे राहिलेच आहे. समोर येऊन बोलायला लागलो की ‘अंगणातलाच तर पाला, त्यात माझे काय?’ असे म्हणून तुम्ही विषय चहावर नेता, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की आमच्याकडे दर्शनाला आलेल्यांपैकी निदान दहाबारा जणांनी मखर कुणाकडून करवून घेतले, असे विचारले, आणि आरतीच्या गडबडीत मी जी अर्धवट उत्तरे दिली त्यांत तुमचे नाव जेवढे यायला हवे होते तेवढे आले नाही.

हरतालिकेच्या सकाळी, ज्यांना महिनाभर आधी फुलांच्या मखराचे काम सांगितले होते त्यांचा ‘जमणार नाही’ असा फोन आला. आगाऊ दिलेले पैसे त्यांनी परत केले, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मी तसाच जांभळी नाक्याला गेलो आणि गर्दीत तासभर घालवून दोन किलो झेंडू घेऊन परतलो. जिन्यात तुम्ही ती पिशवी नुसती बाहेरून दाबून पाहिलीत आणि पावसात भिजलेल्या झेंडूच्या पाकळ्यांत पाणी साचून तो देठाकडून कुजत जातो, तेव्हा यातला निम्मा उद्यापर्यंत टिकणार नाही, असे सांगितलेत. त्या दिवशी तुमचा कडक उपवास होता आणि वाळूच्या पिंडीची पूजा मांडायची होती. तरीही ‘पिशवी ठेव आणि कात्री घेऊन मागे ये,’ एवढेच तुम्ही म्हणालात.

इमारतीच्या मागच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात, कुंपणाच्या भिंतीला लागून, मी गेली पंधरा वर्षे गाडी लावतो आहे. भिंतीवर मधुमालती आहे, एवढेच मला ठाऊक होते. आंब्याच्या खोडावर चढलेली, तळहाताहून मोठ्या पानांची ती वेल म्हणजे आमच्या खिडकीतल्या बाटलीतलाच मनीप्लांट, हे मला त्या दिवशी कळले. कडुनिंबावरची गुळवेल, जाळीवरचे कृष्णकमळ, फाटकाजवळची कामिनी, पावसाळ्यात भिंतीच्या भेगांतून आपोआप उगवलेले नेचे, कर्दळ, हळदीची पाने, बोगनवेल हे सगळे तुम्ही एकेक करून दाखवलेत, आणि कण्हेर व पांढऱ्या ठिपक्यांचे डायफेनबेकिया यांच्या चिकाने अंगाची आग होते म्हणून, घरात लहान मुले येणार असताना, त्यांना हात लावू दिला नाहीत.

मला वाटत होते की पाला कापायचा आणि लगेच बांधायला घ्यायचा. तुम्ही मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही फांदी बांधू दिली नाहीत, आणि मखर पाच दिवस टिकले ते त्यामुळेच, असे माझे ठाम मत झाले आहे. प्रत्येक देठ तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी खालची पाने खुडून टाकायची, वेलींचे लुसलुशीत शेंडे सर्वांत आधी माना टाकतात म्हणून ते छाटायचे, आणि मग सगळे गळ्यापर्यंत पाण्याने भरलेल्या बादल्यांत जिन्याखालच्या अंधारात संध्याकाळपर्यंत ठेवायचे. नेचे आणि मनीप्लांटची पाने मात्र तासभर पूर्ण बुडवून, निथळून, ओल्या फडक्यात गुंडाळायची. ‘कापलेल्या फांदीला आधी पोटभर पाणी पिऊ दे, मग तिला कामाला लाव,’ हे तुमचे वाक्य आमच्या घरात आता भलत्याच प्रसंगी वापरले जाते.

चौकटीसाठी मी तार आणायला निघालो होतो. तुम्ही मधुमालतीच्या बोटाएवढ्या जाड, जुन्या फांद्या काढायला लावल्यात. ओल्या असतानाच त्या हव्या तशा वाकतात आणि वाळल्या की तोच आकार धरून ठेवतात, म्हणून पाने काढून तीन-तीन फांद्यांचा पीळ घातला आणि त्याची कमान केली. कमानीची दोन्ही टोके परातीत उभ्या केलेल्या केळीच्या खुंटाच्या तुकड्यांत खोचली. फुलवाल्यांकडचा हिरवा फोम वापरावा, असे मी सुचवले होते. तो प्लास्टिकच असतो आणि कुजत नाही, तर केळीच्या खुंटात मुळातच इतके पाणी असते की त्यात विळ्याच्या टोकाने भोके पाडून खोचलेली कामिनी आणि कर्दळ चार दिवस ताजी राहते, हे तुम्ही करूनच दाखवलेत. माझ्या सदऱ्यावर पडलेले केळीचे डाग मात्र अजून निघालेले नाहीत. दाराच्या तोरणासाठीचे वेटोळे तुम्ही पालथ्या टोपल्याभोवती गुंडाळलेत, प्रत्येक फेऱ्याचे टोक आधीच्या फेऱ्यात खोवत. त्याला दोरा तर नाहीच, गाठही लागली नाही.

२०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तोपर्यंत आम्ही थर्माकोलचेच मखर आणत होतो आणि त्यानंतर कापडी फुलांवर आलो होतो, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या कापडी फुलांना एक रंग असे आणि तो पाचही दिवस तोच असे. मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, पुढे गुलाबी होते आणि मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. हे ठाऊक असल्यामुळेच तुम्ही सगळे घोस न उमललेल्या कळ्या पाहून निवडलेत. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे तिची फुले नव्हेत, तर फुलाभोवतीची पाने आहेत आणि म्हणून ती कागदासारखी वाळली तरी रंग धरून राहतात, हेही मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले.

माझ्या मुलीने हट्टाने गारवेलीची जांभळी फुले कमानीच्या मधोमध लावली तेव्हा मी तिला अडवणार होतो. ‘लावू दे, दुपारी तिलाच कळेल,’ असे तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात. प्राणप्रतिष्ठेला ती फुले टवटवीत होती आणि नैवेद्याच्या वेळेपर्यंत मिटून गेली. तिने काही न बोलता ती काढली आणि तेथे गोकर्ण लावले. तुम्ही स्वतः मखर केले असते तर ते दोन तासांत झाले असते, हे मला दिसत होते. आमच्या हातून करवून घेताना तुमची अख्खी संध्याकाळ गेली, आणि तीही उपाशीपोटी.

एका बाबतीत मात्र माझे मत बदललेले नाही. वरच्या बाजूला तुम्ही आग्रहाने लावलेला झेंडूचा पट्टा हिरव्यावर फार भडक दिसत होता. बायको तुमच्या बाजूची आहे.

विसर्जनाच्या दिवशी हार आणि दूर्वा तलावपाळीवरच्या निर्माल्याच्या कलशात गेल्या, आणि सुतळीखेरीज दुसरे काहीच बांधलेले नसल्यामुळे बाकीचे सारे मखर तुकडे करून तुमच्या खताच्या खड्ड्यात टाकता आले. कमानीभोवती गुंडाळलेली गुळवेल तेवढी मी वेगळी काढली आहे, कारण पाच दिवस पाण्यावाचून राहूनही ती हिरवीगार आहे आणि एका पेरापाशी तिला बारीक कोंब आला आहे. तो कोणत्या झाडाशी लावायचा, हे तुम्हीच सांगा. तुमची कात्री आणि निळी बादली अजून आमच्याकडे आहेत; रविवारी सकाळी घेऊन येतो, तेव्हा चहा घेईन, पण त्याआधी हे पत्र तुम्ही वाचलेले असावे, एवढी विनंती आहे.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी