आईला गिरनार घडवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

आईची गिरनार यात्रा तुमच्यामुळे झाली हे वर्तकनगरच्या आपल्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. तरी मला ते चार लोकांत सांगायचंय.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, "दत्तमहाराजांच्या पादुका आता फोटोतच," असं ती म्हणायची. तुम्ही वाद घातला नाहीत. पावसाळा सरल्यावर तिला सकाळी उपवनला नेऊ लागलात, मग येऊरच्या चढावर, मग आपल्याच जिन्यात. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग दुसरा, हे तिच्या अंगवळणी पाडलंत.

२०२० साली रोपवे झाला, पण तो अंबाजीच्या देवळापर्यंतच. पुढे गोरक्षनाथांचं शिखर, गुजरातमधलं सर्वांत उंच. तिथून पायऱ्या खोल उतरतात आणि दत्तशिखराकडे पुन्हा उभ्या चढतात. त्या सगळ्या उतारावर तुम्ही तिच्या एक पायरी खाली चालत राहिलात.

पण सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीचे. आदल्या दिवशी जुनागढहून पायथ्याच्या भवनाथला जाताना तुम्ही रिक्षा अशोकाच्या शिलालेखापाशी थांबवलीत. एकाच कातळावर अशोकाच्या १४ आज्ञा, इ. स. १५० चा क्षत्रप राजा रुद्रदामनाचा लेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातला लेख! इथल्याच सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध रुद्रदामनाने कर न लादता, वेठबिगार न लावता, स्वतःच्या खजिन्यातून बांधला, हे तुम्ही वहीतून वाचून दाखवलंत. मग अशोकाची दुसरी आज्ञा: माणसांवर आणि जनावरांवर औषधोपचार, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवर विहिरी नि झाडं. आईची सगळी नोकरी परिचारिकेची. तिने तेवढंच पुन्हा वाचायला लावलं, आणि तिचे डोळे भरून आले.

रात्री जैन तीर्थंकर नेमिनाथांची कथा सांगितलीत. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून ते वरातीतून माघारी फिरले आणि याच डोंगरावर तपाला आले. दुसऱ्या दिवशी अंबाजीवरून खाली जैन देवळं दिसली तेव्हा आईने तिकडेही हात जोडले. दर्शनाची घाई असलेल्या कुणी आम्हाला हा डोंगर एवढा दाखवला नसता, काका.

आता आईच बिल्डिंगमधल्या बायकांना जिना उतरायला शिकवते. त्यातल्या दोघींना पुढच्या यात्रेला यायचंय, त्यांची नावं यादीत धरा. आणि गुरुवारी आरती झाली की काकूंना घेऊन आमच्याकडेच जेवायला या.

जय गिरनारी!

तुमची शेजारीण