अटक झाली, सुटका किती वाजता?

संपादक महोदय,

आपल्या दैनिकातील मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील लेख आवडीने वाचला. मात्र त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे बहुतेक श्रेय त्यांच्या वक्तृत्वाच्या पदरात पडले आणि तुरुंगात जाऊन बसलेली माणसे दोन ओळींत आटोपली, म्हणून हे पत्र.

तुरुंग भरून सरकारची कोंडी करायची, हे सामूहिक अटकेचे शस्त्र कुठे बोथट होते, हे कळण्यासाठी ऑल्बनीचा फसलेला लढा पाहावा. जॉर्जिया राज्यातील या गावात डिसेंबर १९६१ मध्ये सातशेहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. परंतु तेथील पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी किंग यांच्या पद्धतीचा आधीच अभ्यास केला होता. त्यांनी चारचौघांत लाठी उगारू दिली नाही आणि आसपासच्या तालुक्यांतील तुरुंगांत जागा मागून ठेवली, त्यामुळे गावचा तुरुंग भरलाच नाही. पुढे जुलै १९६२ मध्ये किंग दंड न भरता शिक्षा भोगायला तयार असताना परस्पर दंड भरून त्यांना बाहेर काढण्यात आले. याउलट अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांनी तुरुंग खरोखरच भरले आणि जत्रेच्या मैदानावर मुले कोंडण्याची वेळ आली. (मुलांना पुढे करणे योग्य होते का, याविषयी शिक्षक म्हणून माझे मन अजूनही साशंक आहे.)

लेखात या चळवळीतील विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे देणारे जेम्स लॉसन यांचे नाव नाही, याचे अधिक वाईट वाटले. हे गृहस्थ १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि त्यांनी गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात त्यांनी विद्यार्थ्यांचे जे वर्ग घेतले, त्यांत एकाने खुर्चीवर बसायचे आणि इतरांनी त्याला शिव्या द्यायच्या, ढकलायचे, खाली ओढायचे, असा सराव चाले. फेब्रुवारी १९६० मध्ये गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत बसल्याबद्दल ऐंशीहून अधिक विद्यार्थी पकडले गेले, तेव्हा अनेकांनी दंड नाकारून तुरुंग पत्करला. मे महिन्यात तेथील काही उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना खुली झाली.

आता आपल्याकडचे सांगतो. काही वर्षांपूर्वी येथे सांगलीत एका जेलभरो आंदोलनात मीही सहभागी झालो होतो. गाडीत बसताना घोषणा जोरात होत्या. नंतर आम्हाला एका सभागृहात नेऊन सतरंजीवर बसवले, हवालदाराने वहीत नाव, वय, गाव लिहून घेतले आणि ‘आणखी कोणी राहिलंय का लिहायचं?’ असे पंगतीत विचारावे तसे विचारले. चहा झाला, चारच्या सुमारास सोडले आणि पाचच्या एसटीने बरेच जण गावी परतले. आत राहावे लागले तर घरचे, शेताचे, जनावरांचे कोण पाहणार, याचा विचार आमच्यापैकी कोणीच करून आला नव्हता, मीही नाही. पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या जिल्ह्याला ब्रिटिशांच्या जंगल कायद्याविरुद्ध झालेल्या बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाचा वारसा आहे, तेथे आम्ही फोटोपुरते आंदोलक होतो.

आपणास एकच विनंती आहे. यापुढे ‘शेकडो आंदोलकांना अटक’ अशी बातमी छापाल, तेव्हा त्यांची सुटका किती वाजता झाली, तेही त्याच बातमीत छापावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली