आप्पा, ते नाव ठेवायचं राहिलं ते तुमच्यामुळे

आदरणीय आप्पा,

साष्टांग नमस्कार.

माझ्या प्रबंधाच्या आभारात तुम्हाला मी ‘प्रयोगशाळेतील कर्मचारी’ एवढ्यावर उरकलं होतं. तुम्ही ते पान उघडून वाचलंत, काही बोलला नाहीत, उलट माझ्यासाठी चहा मागवलात. ते मला अजून सलतं. तुमच्यानंतर त्या टेबलाशी बसणाऱ्या पोरापोरींनीही वाचावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कच्छच्या सहलीहून आणलेलं ते प्रवाळ आठवतंय ना? तिथल्या जुमारा गावाजवळच्या चुनखडकातलं, बोटभर उंचीचं, खाली निमुळतं आणि वर पसरट. धुळ्यात आपल्याला असलं काही पाहायला मिळत नाही. आपला सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ते प्रवाळ त्याहून दहा कोटी वर्षं जुनं, ज्युरासिक समुद्रातलं. एकटं आणि शंकूसारखं, म्हणजे माँटलिव्हाल्टिया, असं कुणीही म्हटलं असतं. लामूरू यांनी १८२१ मध्ये नाव दिलेली ही प्रजाती कच्छमध्ये भरपूर सापडते. ग्रेगरी यांच्या कच्छच्या प्रवाळांवरच्या १९०० सालच्या ग्रंथातल्या चित्रांशी मी ताडून पाहत होते, पण माझा नमुना जुळेना. त्याचं तोंड गोल नव्हतं, लांबट होतं, आणि एका बाजूला उभी खाच होती. तोंडाच्या खोलगट पेल्यात गाळ इतका घट्ट बसला होता की प्रवाळाच्या आतले उभे, पातळ पडदे वरून दिसतच नव्हते.

मी ठरवून टाकलं, ही नवी प्रजाती. तापीवरून नावही काढून ठेवलं होतं. लॅटिन शेपूट कुठलं लावायचं, एवढंच राहिलं होतं. ते वहीत लिहिलेलं तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, “माय, आधी मझार काय शे ते देख.” आधी आत काय आहे ते बघ.

खरं सांगते, तेव्हा राग आला होता. नमुना एकच होता आणि तुम्ही तो घासायला मागत होतात. घासलेला दगड परत येत नाही. पण तुम्ही घाई केली नाहीत. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावलेत, मोजमापं लिहून घेतलीत, साचा करून ठेवलात. मग काचेवर कार्बोरंडमची पूड, वर पाण्याचे चार थेंब आणि तुमचा हात. तुमचे वडील गावोगाव जात्या-पाट्यांना टाकी लावत फिरायचे, हे तुम्ही त्याच दुपारी सांगितलंत. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची दगडाची स्लाइड तीन शतांश मिलिमीटरपर्यंत पातळ करायची असते. वाळूच्या खडकात ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झचा रंग बघून जाडी कळते. चुनखडकात ती सोय नाही, कॅल्साइट त्या जाडीला नुसतं पांढुरकं चमकतं. तिथे तुम्ही बोटाच्या टोकानं ओळखायचात. मी पुढे पुष्कळ प्रयोगशाळा पाहिल्या, यंत्रं पाहिली, पण ते बोट पुन्हा दिसलं नाही.

माझ्या प्रवाळाला मात्र स्लाइड पुरणार नव्हती, एकामागून एक पातळ्या बघायच्या होत्या. तुम्ही बुडाकडून सुरुवात केलीत. अर्धा मिलिमीटर घासायचं, गुळगुळीत करायचं, सौम्य आम्लात क्षणभर बुडवून धुवायचं, वाळलं की ॲसिटोन ओतून वर ॲसिटेटची फिल्म टाकायची. सुकल्यावर ती एका कडेनं सोलायची, की दगडाची नक्षी फिल्मवर उतरलेली. मे महिना होता. कूलर लावला तर ॲसिटोन भसकन उडतो, म्हणून तोही बंद. घाम पुसत तुम्ही प्रत्येक फिल्मवर पेन्सिलीनं आकडा टाकत होतात.

पहिल्या चार फिल्म कापलेल्या भेंडीसारख्या होत्या, गोल आणि सगळे पडदे मध्याकडे आलेले. सहावी लांबट. सातवीत मधले काही पडदे कलले होते. आणि नवव्या फिल्मला तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि बाजूला झालात. एका पेल्यात दोन मध्यं होती. अर्धे पडदे एकीकडे वळलेले, अर्धे दुसरीकडे. ती खाच म्हणजे दोन पेल्यांमधली फूट होती. म्हणजे प्रवाळ एकटं नव्हतंच, नुकतं फांदायला लागलं होतं. माँटलिव्हाल्टिया एकटी राहते, फांदते ती थेकोस्मिलिया, आणि फांदण्याआधीचं तिचं पोर माँटलिव्हाल्टियासारखंच दिसतं. दोघींचीही नावं दीडशेहून अधिक वर्षं जुनी. माझ्या तापीला तिथे जागा नव्हती.

मी रडवेली झाले, तेव्हा तुम्ही बाघची गोष्ट सांगितलीत. सातपुडा ओलांडून, नर्मदेपलीकडे, धार जिल्ह्यात बाघजवळ एक चुनखडक आहे. त्याला जुन्या लोकांनी ‘कोरलाइन लाइमस्टोन’ म्हटलं, प्रवाळांचा म्हणून. आत पाहिलं तर बहुतेक ब्रायोझोआ, प्राण्यांचा निराळाच संघ. नाव मात्र खडकाला चिकटलं ते चिकटलंच. प्रजातीचं तर त्याहून अवघड. एकदा छापलेलं नाव खोडता येत नाही, चुकीचं ठरलं तरी जुन्या नावाखाली समानार्थी म्हणून ते कायम वागवावं लागतं, आणि पुढच्या प्रत्येकाला ते निस्तरावं लागतं. माझ्या नावाचं ते ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं नाही, आप्पा. ते तुम्ही वाचवलंत. प्रबंधातलं ते प्रकरण टिकलं ते नऊ नंबरच्या फिल्मवर, आणि तिच्यावरचा आकडा तुमच्या अक्षरातला आहे.

आता माझ्याकडे येणारी मुलंही पहिल्या आठवड्यात नाव सुचवतात. मी त्यांच्यापुढे तुमच्या बाराही फिल्म ओळीनं मांडते आणि काही न बोलता भिंग देते. नववीशी बहुतेक जण थांबतात.

दिवाळीनंतर धुळ्याला येते आहे. काकूंना सांगा, भरीत आणि कळण्याची भाकरी हवी. सोबत तीन प्रवाळं आणते. एकाचं तोंड पुन्हा लांबट आहे. त्याला मी अजून हात लावलेला नाही. कुठून घासायचं ते तुम्ही बघून सांगा.

तुमची,
दगडवाली माय